पगार वाढला, फीत कुठे आहे?

आपल्या वस्तीतला पोरगा पोलीस शिपाई होतो, दहा वर्षे इमानेइतबारे नोकरी करतो आणि एक दिवस घरी पेढे येतात. 'पहिला लाभ लागला!' पगार वाढतो हे खरे. घराचा हप्ता, मुलांची फी, आईचे औषधपाणी बघता त्या पैशाला कोणी नाक मुरडू नये. पण हा लाभ नेमका कसला, हे समाजाने समजून घेतले पाहिजे.

याचे नाव सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना. पूर्वी पहिला लाभ 12 वर्षांनी मिळे. 2 मार्च 2019 च्या शासन निर्णयाने 10, 20 आणि 30 वर्षांनी असे तीन लाभ ठरले. पदोन्नती मिळाली नाही तर वरच्या पदाचे वेतन द्यायचे. वेतन द्यायचे, पद नव्हे! तेही गोपनीय अहवाल चांगले असतील आणि विभागीय चौकशी मागे लागलेली नसेल तर. (अहवाल कोण लिहितो, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

इथे पदच भरले जात नाही, म्हणून बिंदुनामावलीचाही प्रश्न येत नाही. बिंदुनामावली लागते ती पदोन्नतीला, आणि नेमके तेच दार बंद झाले. 2001 च्या 85 व्या घटनादुरुस्तीने पदोन्नतीसोबत ज्येष्ठताही दिली. राज्यात 25 मे 2004 च्या शासन निर्णयाने पदोन्नतीत 33 टक्के आरक्षण आले. उच्च न्यायालयाने 4 ऑगस्ट 2017 रोजी तो निर्णय रद्द केला. त्यानंतर 7 मे 2021 च्या शासन निर्णयाने सगळी पदे 25 मे 2004 च्या सेवाज्येष्ठतेनुसार भरण्याचे ठरवले. 2022 मध्ये पोलीस नाईक हे पद रद्द झाले, हवालदारकीची वाट जवळ आली; पण रांगेत पुढे कोण, हा प्रश्न तिथेच राहिला.

'पगार तोच मिळतो, मग बिघडले कुठे?' असे आपलीच माणसे विचारतात. त्यांनी एकदा रात्री अत्याचाराची तक्रार घेऊन ठाण्यात जावे. ठाणे अंमलदार हजर नसेल तर त्याचा अधिकार शिपायाच्या वरच्या दर्जाच्या माणसाकडे जातो. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच होते, 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेतही हेच आहे. वरचे वेतन घेणारा आपला शिपाई बाजूला उभा राहतो; गुन्हा दाखल करायचा की माणसाला परत पाठवायचे, हे फीतवाला ठरवतो.

1928 साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी लष्कर, आरमार आणि पोलिसांत भरतीचा हक्क मागितला, राजपत्रित पदांसह सर्व जागांवर 30 वर्षे प्राधान्य मागितले. त्यांनी मागितली होती ती जागा.

प्रत्येक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात एवढेच विचारावे: आश्वासित प्रगतीचा लाभ घेतलेले अनुसूचित जाती-जमातींचे शिपाई किती, आणि त्यांतले प्रत्यक्ष हवालदार, फौजदार किती झाले?