पुढच्या दोऱ्या, मागच्या दोऱ्या

मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर सकाळी मतलई वारा असतो. तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे त्यात काइटबोर्डिंगसाठी काइट घेऊन कुणी पाण्यात उतरत नाही. काही बिघडलं तर माणूस थेट खोल समुद्राकडे जायचा. दुपारी वाळू तापते, वारा थोडा वेळ पडतो, आणि मग वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो बहुतेक दुपारी दहा ते चौदा नॉटच्या दरम्यान खेळत राहतो. रामेश्वरमला किंवा श्रीलंकेत कल्पिटियाला हंगामात मिळतो तसा दमदार, एकसारखा वारा इथे क्वचितच लाभतो. म्हणूनच काइटची ताकद कमी-जास्त करण्याचं कसब शिकावं ते गोव्यात, असं मला मनापासून वाटतं.

दहा आणि चौदा हे आकडे ऐकायला जवळचे वाटतात. पण वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहाचा वारा चौदा झाला की ओढ जवळजवळ दुप्पट होते. बारा चौरस मीटरच्या काइटखाली असलेल्या माणसाला हा फरक कमरेत कळतो, कारण मुख्य ओढ हातांवर येतच नाही. ती हार्नेसच्या हुकात अडकवलेल्या लूपमधून कमरेवर येते. हातांकडे उरतो तो बार, म्हणजे काइट हाकायचा दांडा.

बारला चार दोऱ्या, साधारण वीस ते चोवीस मीटर लांबीच्या. पुढच्या दोन काइटच्या फुगवलेल्या पुढच्या कडेला जातात आणि खाली बारच्या मधल्या भोकातून लूपला मिळतात. बहुतेक भार त्याच उचलतात. मागच्या दोन बारच्या टोकांना बांधलेल्या असतात. बार छातीकडे घेतला की मागच्या दोऱ्या ताणतात, काइटची मागची कड खाली येते, वाऱ्याशी होणारा कोन वाढतो आणि जोर चढतो. बार वर सोडला की कोन कमी, जोर कमी. लहानपणी ज्यानं पतंगाला कण्णी बांधली आहे त्याला हे चटकन उमगतं: वरचा आणि खालचा दोरा यांत बोटभर फरक पडला तरी पतंगाची चाल बदलते. इथे ती कण्णी पतंग आकाशात असतानाच बदलता येते.

बारच्या वर, हात पोचेल अशा अंतरावर ट्रिमची दोरी असते. ती ओढून खाचेत अडकवली की पुढच्या दोऱ्या आखूड होतात. म्हणजे त्यांच्या मानानं मागच्या सैल पडतात आणि काइटचा जोर एकूणच उतरतो. नवशिके हिला पॉवर कमी करायची दोरी म्हणूनच ओळखतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. ट्रिमनं ठरते ती बारची जागा. नेहमीच्या वाऱ्यात कोपर थोडं वाकलेलं असताना काइट नीट ओढत असला पाहिजे, म्हणजे बार आणखी जवळ घ्यायला वाव राहतो आणि दूर सोडायलाही. हा दुहेरी वाव नसेल तर काइट कितीही भारी असो, माणूस त्याच्यामागे फरपटतो.

त्याची तपासणी वाळूवरच होते. काइट डोक्यावर, घड्याळातल्या बाराच्या जागी स्थिर करायचा. बार पूर्ण खाली ओढून काही क्षण तसाच धरायचा आणि काइटकडे बघत राहायचं. तो जागेवर टिकला तर ठीक. हळूहळू मागे, वाऱ्याच्या दिशेला कलंडू लागला, तर मागच्या दोऱ्या फार ताणलेल्या आहेत. मग ट्रिम थोडी ओढायची, दोन-तीन बोटं, आणि पुन्हा बघायचं. त्यानंतर उलट बाजू: बार पूर्ण सोडला की मागच्या दोऱ्यांना थोडा झोळ पडायला हवा. तेव्हाही त्या ताठ राहिल्या, तर झोत आल्यावर जोर उतरवायला जागाच उरलेली नाही. हे सगळं मिनिटभराचं काम. पाण्यात उतरण्याच्या घाईत नेमकं तेच टाळलं जातं, याची मला फार हळहळ वाटते.

पाण्यावर गेल्यावर खरी कसोटी लागते ती वारा उतरतो तेव्हा. ओढ कमी झाली की हात आपोआप बार छातीशी घेतात. माणसाची उपजत समजूत तशीच आहे: दोर सैल झाला की खेचायचा. पण जास्त खेचला की कोन प्रमाणाबाहेर वाढतो, काइटवरची हवा सुटते आणि तो मागे ओघळू लागतो. ओढ आणखी कमी होते, म्हणून हात आणखी खेचतात. पाण्यात बसलेला, बार पोटाशी घेतलेला आणि काइट मंदपणे मागे पडत चाललेला माणूस आश्वेला रोज दिसतो. अशा वेळी बार थोडा सोडायचा. काइट पुन्हा पुढे झेपावतो, वेग घेतो, आणि वेगाबरोबर त्याला लागणारा वाराही वाढतो. मग त्याला वर-खाली फिरवत ठेवलं की दहा नॉटमध्येही पायाखालची फळी चालत राहते. हे हातांना पटायला वेळ लागतो. डोक्याला लगेच पटतं.

झोत येतो तेव्हा गोष्ट सरळ आहे: बार सोडा, टाचांवर वजन टाका, फळीची कड पाण्यात रुतवा. झोत वारंवार यायला लागले आणि हात सतत पूर्ण लांब राहू लागले, तर ट्रिम ओढायची वेळ झाली. मात्र ती भीतीपोटी फार ओढली की दुसरं संकट उभं राहतं. काइट जिथे उडू शकतो त्या पट्ट्याच्या कडेला जाऊन बसतो, मागची कड फडफडते, मागच्या दोऱ्या लोंबतात आणि बार फिरवला तरी काइट वळायला उशीर लावतो. त्यातच वारा पडला तर तो पुढे निघून जाऊन पाण्यात कोसळू शकतो. आश्वेला वायव्येच्या वाऱ्यात जोर कमी पडणारा माणूस दक्षिणेकडे, शापोरा नदीच्या मुखाकडे सरकत जातो. ओहोटीला तिथलं पाणी बाहेर ओढतं. त्यामुळे तिथे ट्रिम म्हणजे किनाऱ्यावर परतण्याचा प्रश्न असतो.

बार सोडून जोर उतरवण्याची ही सोय काइटला पहिल्यापासून नव्हती. ब्रिटनीच्या ब्रूनो आणि डॉमिनिक लेगैनू या भावांनी 1984 मध्ये फुगवायच्या काइटचं पेटंट घेतलं. सुरुवातीच्या काइटमध्ये बार सोडला तरी बराच जोर शिल्लक राहायचा. 2005 च्या सुमारास धनुष्याकृती काइट आले, पुढच्या कडेला दोऱ्यांचं जाळं आणि मागची कड आत वळलेली. बार सोडताच जवळजवळ सगळा जोर उतरवण्याची सोय तेव्हा सामान्य काइटबोर्डरच्या हाती आली.

एक काम मात्र काठावरचंच राहतं. पुढच्या दोऱ्या जास्त भार घेतात, म्हणून वापरानं त्याच जास्त ताणून लांब होतात आणि ट्रिम न हलवताही काइट मागे कलू लागतो. महिन्या-दोन महिन्यांनी चारही टोकं एका खांबाला अडकवावीत, ट्रिम पूर्ण सोडावी, बार तळाशी आणून ओढून धरावा. बार आडवा, काटकोनात आला पाहिजे आणि चारही दोऱ्या सारख्याच ताणलेल्या. पुढच्या झोळ खात असतील तर मागच्या दोऱ्यांच्या बांधणीतली गाठ एकानं बाहेर सरकवायची, दोन्ही बाजूंना तेवढीच. मग बार गोड्या पाण्यानं धुवायचा, ट्रिमच्या खाचेतली वाळू काढायची आणि तिथे दोरी झिजली असेल तर ती बदलून टाकायची.