कोकमाच्या चुलतभावाची परीक्षा

आपल्या कोकमाचा एक चुलतभाऊ केरळात माशांच्या कालवणात पडतो. कुडमपुळी, म्हणजे गार्सिनिया कंबोजिया. त्याच्या सालीतले हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल शरीरात चरबी तयार होण्याला अडथळा आणते, असे प्रयोगशाळेत दिसले आणि वजन उतरवणाऱ्या गोळ्यांचा बाजार उभा राहिला. पण माणसांत काय घडते?

न्यूयॉर्कमध्ये १३५ स्थूल प्रौढांवर याची परीक्षा झाली. निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला रोज १५०० मिलिग्रॅम आम्ल, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण अर्क नसलेली गोळी. कोणाला काय मिळते, हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. आहार दोघांचाही सारखा, बेताचा. बारा आठवड्यांत अर्कवाल्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले आणि नुसत्या गोळीवाल्यांचे ४.१ किलो! हा फरकही योगायोगाने पडू शकेल इतकाच.

म्हणजे उपयोग झाला तो आहाराचा. दुसरा गट नसता, तर श्रेय गोळीने लाटले असते. म्हणून 'मी घेतली आणि बारीक झाले' असे कुणी सांगितले, तर विचारा, न घेणाऱ्यांचे किती उतरले? अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. सोलकढी मात्र खुशाल प्या, चवीसाठी!