पाठीतल्या पाण्यातील साखर

ताप, उलट्या, असह्य डोकेदुखी आणि ताठ मान ही लक्षणे मेंदूभोवतीच्या आवरणांना सूज आल्याची असू शकतात. डॉक्टर तिला मेनिन्जायटिस म्हणतात. सूज विषाणूंमुळे असेल तर बहुधा आपोआप उतरते. जिवाणूंमुळे असेल तर थोडा उशीरही जिवावर बेततो, वाचलेल्या मुलाला बहिरेपणा येऊ शकतो. क्षयजंतूंमुळे असेल तर अनेक महिने औषधे घ्यावी लागतात. बाहेरून मात्र तिन्ही रुग्ण सारखेच दिसू शकतात.

म्हणून कमरेत सुई घालून मेरुद्रव काढतात. क्विंके या जर्मन वैद्याने ही रीत १८९१ साली मांडली. ‘पाठीतले पाणी काढले की पाय लुळे पडतात’ ही भीती आपण पालकांकडून ऐकतो. पण मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि सुई त्याच्या खाली जाते. शिवाय प्रौढ शरीर रोज सुमारे अर्धा लिटर मेरुद्रव बनवते. काढलेले काही मिलिलिटर लवकरच भरून येतात.

निरोगी मेरुद्रव पाण्यासारखा नितळ असतो. त्यात घन मिलिमीटरमागे पाचाहून अधिक पांढऱ्या पेशी नसतात. जिवाणूंच्या आजारात त्या बहुधा हजारांवर जातात, प्रथिने वाढतात, साखर घटते. विषाणूंच्या आजारात पेशी कमी वाढतात आणि साखर सहसा टिकून राहते.

पण नुसता साखरेचा आकडा फसवा असतो. मेरुद्रवात ती रक्तातल्या साखरेच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. समजा, मेरुद्रवात ५० मिलिग्रॅम आली. रक्तात ७५ असेल तर सारे ठीक. रुग्णाला ग्लुकोजचे सलाइन चालू असून रक्तात २०० असेल, तर तीच ५० केवळ पाव हिस्सा ठरते! म्हणून त्याच सुमारास रक्तही तपासायला हवे.

ही साखर जंतू खातात, असे सांगितले जाते. ते अपुरे आहे. सुजेमुळे रक्तातून साखर आत येण्याची वाट बिघडते, आणि जमलेल्या पेशी व मेंदू स्वतः ती जाळून लॅक्टेट बनवतात. हे लॅक्टेट रक्तातील पातळीवर फारसे अवलंबून नसल्याने आमच्या मते मोजण्याजोगी खूण आहे; मात्र आधी प्रतिजैविक दिलेले असेल तर तिचा भरवसा घटतो.

क्षयाचे निदान सर्वांत अवघड. साखर कमी, प्रथिने पुष्कळ, पण पेशी बहुधा विषाणूंच्या आजारासारख्या लसिकापेशी. नळी स्थिर ठेवली तर कधी कधी कोळ्याच्या जाळ्यासारखी साय धरते. क्षयजंतू स्वतः मात्र सूक्ष्मदर्शकाखाली अनेकदा सापडतच नाहीत. अशा वेळी संशयावरूनच उपचार सुरू करावे लागतात.