हो, अलिबाग से ही आयी हूं!

सिग्नल हिरवा होतो. पुढची गाडी दोन सेकंद जागची हलत नाही. लगेच मागचा काच खाली करून ओरडतो, ‘अलिबाग से आया है क्या?’

आता बघा, वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे, पण उत्तर कुणालाच नकोय. गाडीची नंबर प्लेट एमएच ०६ आहे की ०१, याच्याशी मागच्याला काही देणंघेणं नाही. त्याला म्हणायचंय एवढंच, की बावळटा, हल की! गंमत म्हणजे त्या अख्ख्या वाक्यात ‘बावळट’ हा शब्द कुठेच नाही. तरी तो ऐकू सगळ्यांना येतो.

माझी गोची वेगळीच आहे. मी खरंच अलिबागची. पहिल्या नोकरीत, लोअर परळच्या ऑफिसात, कॉफी मशीनचं बटण शोधत होते तर मागून एका सिनिअरने हाच डायलॉग मारला. मी शांतपणे म्हटलं, ‘हो. आणि तुम्ही कुठून?’ फ्लोअर हसला, विषय संपला. पण डोक्यातून जाईना. ‘हो’ म्हटलं की गाव कबूल आणि बावळटपणाही कबूल. ‘नाही’ म्हणावं तर गावच नाकारलं! दादरच्या पोराचं बरं असतं. शब्दांचा सरळ अर्थ त्याला लागूच पडत नाही, तो फक्त टोमणा झेलतो. आमच्या वाट्याला दोन्ही अर्थ एकदम येतात.

शाळेतलं व्याकरण आठवतंय? अभिधा, लक्षणा, व्यंजना. दोन मार्कांसाठी घोकलेल्या तीन शब्दशक्ती. शब्दाचा सरळ अर्थ सांगते ती अभिधा. सरळ अर्थ घेतला तर गाडी अडते आणि जवळचा दुसरा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकातलं ठेवणीतलं उदाहरण म्हणजे ‘पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली’. १७६१मध्ये तिथे कासारांची दुकानं फुटली नव्हती, हे सांगावं लागत नाही.

तिसरी व्यंजना, आणि खरी मजा तिथेच. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त याचं झकास उदाहरण दिलंय. ‘सूर्य मावळला.’ बस्स, एवढंच वाक्य. पण चोराला ते ‘कामाला लागा’ असं ऐकू येतं, मजुराला ‘आता थांबा’ असं, आणि प्रेयसीला ‘तो येण्याची वेळ झाली’ असं. शब्द तेच, सरळ अर्थही तोच. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, वेळ कुठली, यावर सगळा खेळ! पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६७मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानांत जवळपास हाच फंडा वेगळ्या वाटेने मांडला. समोरचा काहीतरी अर्थाचंच बोलतोय हे आपण धरून चालतो, म्हणून शब्द जागेवर बसत नसले की त्यांच्यामागचा अर्थ शोधायला लागतो. त्याने आणखी एक गोष्ट हेरली. असा सुचवलेला अर्थ बोलणाऱ्याला मागे घेता येतो. ‘अरे, मी तर फक्त गाव विचारलं!’ हे म्हणायची सोय टोमणा मारणाऱ्याकडे कायम शिल्लक असते. शिवी देणाऱ्याकडे ती नसते. टोमणा इतका पॉप्युलर का, ते कळलं ना?

तशी मराठी माणसाला याची ट्रेनिंग घरातच मिळते. घरातून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. बांगडी फुटली की ती ‘वाढवली’. नारळही फोडत नाही, वाढवतो. बॉसच्या मेलमधलं ‘जमलं तर आज पाठव’ यातलं ‘जमलं तर’ कुणी शब्दशः घेतलंय का कधी? आणि ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे तर सगळ्यांना पाठच आहे.

गावांची नावंसुद्धा अशीच राबवलेली. पानिपत झालं, कात्रजचा घाट दाखवला, येरवड्याला पाठवा. पण पानिपतामागे लढाई आहे, कात्रजमागे शिवाजी महाराजांच्या युक्तीची गोष्ट सांगतात, येरवड्यात मनोरुग्णालय आहे. अलिबागमागे काय आहे? कान्होजी आंग्र्यांचं आरमार! १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने मोजमापं बिघडणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४मध्ये हलवली ती अलिबागलाच. बावळटपणाचा पुरावा शोधून सापडत नाही. मला विचाराल तर कारण एवढंच, की मुंबईला खाडीपलीकडचं गाव हाताशी होतं. सकाळच्या लाँचने भाजी, मासळी घेऊन येणारा, ट्रॅफिक बघून बावचळणारा माणूस तिथून यायचा. शहराला ‘गावंढळ’ म्हणायला कुणीतरी लागतंच.

आणि एक विनोद बघा. ‘अग्निपथ’मुळे १९९०पासून अख्ख्या देशाला माहीत झालेलं मांडवा. त्या नावाचा केवढा दरारा! नकाशा उघडा, मांडवा अलिबाग तालुक्यातच आहे. म्हणजे विजय दीनानाथ चौहानलासुद्धा तो प्रश्न विचारता आला असता... विचारून बघायची हिंमत पाहिजे फक्त.

हे सगळं एकदा कोर्टातही गेलं. २०१९मध्ये अलिबाग तालुक्यातल्या एका रहिवाशाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. हा डायलॉग आमचा अपमान करतो, त्यावर बंदी घाला. जुलैमध्ये कोर्टाने ती फेटाळली. विनोद प्रत्येक समाजावर होतात, संता-बंताचेही असतात, मजा घ्या, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता. टीव्हीवर, पेपरात सगळीकडे हशा पिकला.

मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, निकाल बरोबर होता, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. बंदी घालणार कशावर? शब्द तर निरपराध आहेत. ‘अलिबागवरून आलात का?’ हे गेटवेच्या धक्क्यावर, रेशनच्या लायनीत, लग्नाच्या मांडवात रोज कुणीतरी कुणाला तरी अगदी सरळ मनाने विचारतं. अर्थ त्या शब्दांत नाही, तो ऐकणाऱ्यांनी मिळून ठरवलाय, आणि त्याला समन्स पाठवता येत नाही. पण म्हणून तो माणूस हळवा ठरत नाही. ‘मनाला लावून घेऊ नका’ हे सांगणं सोपं, कारण ते बहुतेक वेळा ज्याच्या गावाचं नाव घेतलेलं नसतं, तोच सांगतो.

दरम्यान आमच्या गावाच्या नावाला नवा अर्थ चिकटतोय. मार्च २०२०मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, गाडीसकट समुद्र ओलांडता यायला लागला. आता ऑफिसात कुणी ‘वीकेंडला अलिबागला होतो’ म्हटलं की ऐकणाऱ्याला बंगला, पूल आणि पगाराचा आकडा दिसतो. ‘वाडी’ हा आमचा शब्दही त्यात गेला. आमच्याकडे वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग, मधे विहीर, शिंपणाची कटकट. गिरगावकराची वाडी म्हणजे चाळींची वस्ती. ब्रोकरच्या ब्रोशरमधली ‘वाडी’ म्हणजे कंपाउंड घातलेला प्लॉट, आणि नारळ असलेच तर फोटोपुरते. तिन्ही वाड्या शब्दशः खऱ्या. फक्त तिसरीत गावचा माणूस असतो तो वॉचमन म्हणून.

परवा अशाच एका एजंटचा फोन आला. ‘मॅडम, अलिबागमध्ये सी-टच प्लॉट बघायचाय का?’ मी म्हटलं, ‘अहो, मी अलिबागचीच आहे.’ दोन सेकंद शांतता. मग आवाज एकदम बदलला, मॅडमची ताई झाली.

‘काय सांगता, ताई! मग तुमच्याकडे काढायचीय का जागा?’