चॅनेल जरूर उघडा, पण नंबर सांभाळा

मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव आटोपतो न आटोपतो तोच सुरमई-बांगड्याचा भाव मोबाईलवरून पुढच्या बाजारात पोहोचलेला असतो. तारकर्लीच्या खोल्यांचे बुकिंग, मसाला, कोकम, खाजा यांची मागणी, सारे आता चॅटवर चालते. आमच्या व्यापारी बांधवांनी हे तंत्र लवकर उचलले याचे समाधान आहे. मात्र धंद्याबरोबर घरचा नंबर आणि गिऱ्हाइकाचे कागदही चव्हाट्यावर जातात, तिकडे फारसे कुणाचे लक्ष नाही.

चॅट चॅनेल ही काही कालची गोष्ट नव्हे. १९८८ साली फिनलंडच्या यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी ही सोय तयार केली. १९९१ च्या आखाती युद्धाच्या बातम्या लोक तिच्यावर एकमेकांना कळवत होते. कुवेतला माणसे असलेल्या आपल्या कोकणातल्या घरांना तेव्हा तिचा पत्ताही नव्हता! तिथे शिरायला टोपणनाव पुरे होई, फोन नंबर कुणी मागत नसे. व्हॉट्सअ‍ॅपचे खातेच मुळी नंबरावर उघडते. खरी मेख इथे आहे.

गिऱ्हाइकांचा ग्रुप केला की साधारणपणे प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. मसाले, पापड विकणाऱ्या किंवा घरगुती खानावळ चालवणाऱ्या भगिनींना अनोळखी फोनांचा जाच सुरू होतो तो बहुधा इथूनच. त्यापेक्षा सप्टेंबर २०२३ पासून भारतात मिळणारे व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल बरे. ‘अपडेट्स’मध्ये जाऊन नाव आणि फोटो टाकला की ते उघडते. त्याची लिंक दुकानाच्या पाटीवर लावावी. चॅनेल पाहणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, चालवणाऱ्याचाही दिसत नाही. पण चॅनेलवरचा मजकूर खासगी चॅटसारखा कुलूपबंद नसतो. म्हणून दुकानाबाहेरच्या फळ्यावर जे लिहाल तेवढेच तिथे लिहावे: आजचा भाव, मोकळ्या खोल्या, सुट्टीचे दिवस. ऑर्डर घेण्यासाठी वेगळे सिमकार्ड आणि फुकट मिळणारे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस ठेवावे. चारशे-पाचशे रुपयांच्या मालासाठी घरचा नंबर जगाला वाटण्यात कसला शहाणपणा?

पाहुण्यांच्या आधार कार्डाचा प्रश्न याहून नाजूक आहे. खोली देताना ओळख नोंदवावी लागते, हे खरे. पण कार्डाचा फोटो मालकाकडून मुलाकडे, मुलाकडून मदतनिसाकडे असा फिरत राहतो आणि फोनच्या गॅलरीत वर्षानुवर्षे पडून असतो. ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात ते ‘मास्क्ड’ आधार मागावे. नोंद झाली की फोटो चॅटमधून आणि गॅलरीतूनही काढून टाकावा. परक्याने आपल्यावर विश्वासाने सोपवलेली ती चीज आहे.

सेटिंगमध्ये सहा आकडी पिन लावून घ्यावा आणि आपल्याला ग्रुपमध्ये कोण घालू शकते तेही ठरवून टाकावे. ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून अनोळखी संगणक जोडलेला नाही ना, ते अधूनमधून पाहावे. ओटीपी कुणालाही सांगू नये, मागणारा नातलगाच्या नावाने आला तरीही. पैसे गेलेच, तर लाजून घरी न बसता तात्काळ १९३० वर फोन करावा.

जूनमध्ये मासेमारी बंद होते, पर्यटकही ओसरतात. चॅनेल उभारायला आणि जुने ग्रुप साफ करायला ती सवड बरी पडेल.