नाशिकला बदली झालीय? घर कुठे बघाल?

नाशिकला नोकरी लागली की पहिला प्रश्न ठरलेला, "गंगापूर रोडला फ्लॅट मिळेल का?" मिळेल हो, भाडंही तसंच मोजावं लागेल. पण आधी कंपनीचं गेट कुठे आहे ते सांगा!

सातपूर-अंबडला जायचं असेल तर सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा सोयीचे. मला विचाराल तर सिडको. वस्ती दाट, घरं लहान, पण भाजी, दवाखाना, शाळा सगळं पायी. नव्या बिऱ्हाडाच्या ओळखीही पटकन होतात. ओझरला एचएएलमध्ये असाल तर पंचवटी, आडगाव, म्हसरूळ ही बाजू बघा. रोज द्वारका चौक ओलांडायची हौस कुणाला असते? सिन्नरवाल्यांनी नाशिकरोड धरावं. मुंबईला वरचेवर जाणाऱ्यांनीही तेच, कारण रेल्वे स्टेशन तिथे आहे आणि जुन्या नाशिकपासून चांगलं आठ-दहा किलोमीटर लांब. बाहेरून येणारे नेमके इथेच गडबडतात.

गोदाकाठी घर आवडलं तर टोकन देण्याआधी पूररेषेची चौकशी कराच. निळी रेषा कुठून जाते, लाल कुठून, ते नकाशावर बघा. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला यावरून आम्ही पूर मोजतो, पण बिल्डर ते सांगणार नाही.

पंचवटी पक्की करणाऱ्यांनी २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा लक्षात ठेवावा. पर्वणीच्या दिवशी गाडी बाहेर काढायचं विसरा. पाहुणे मात्र न बोलावता येतील.