अजिंठ्याच्या चित्रांवरचा चपडा

सुतार लाकडाला पॉलिश करताना स्पिरिटमध्ये विरघळवतो तो चपडा, म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी राळ. १९२० ते १९२२ या काळात अजिंठ्याच्या चित्रांवर हाच चपडा चढवला गेला. हैदराबाद संस्थानाने त्यासाठी इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी यांना बोलावले होते.

गरज खरी होती. महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांप्रमाणे अजिंठाही काळ्या पाषाणात कोरलेला; पण तिथली चित्रे थेट दगडावर नाहीत. आधी मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि गवताचे तंतू. त्यावर पातळ पांढरा थर, आणि तो वाळल्यावर सरसात कालवलेले रंग. पावसाळ्यात भेगांतून पाणी झिरपते, गिलावा दगडापासून सुटतो. तंतूंना कीड लागते. त्यात वटवाघळांची घाण! एकोणिसाव्या शतकात जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांसह नकला करायला आलेल्या जॉन ग्रिफिथ्स यांनीही रंग उठून दिसावेत म्हणून व्हार्निश लावले होते. त्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ साली लंडनमध्ये आगीत जळाल्या. व्हार्निश मात्र भिंतींवरच राहिले.

इटालियन तज्ज्ञांनी सुटू लागलेला गिलावा भिंतीला पक्का बसवला, हे त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. चपड्याने मात्र घात केला. हवा आणि उजेड लागून तो पिवळा, मग तपकिरी होत गेला. निळा हिरवट दिसू लागला, पांढरा मळकट. थर आकसला की खालचा रंगही ओढून खपल्या काढतो. त्यातच जुना चपडा स्पिरिटला सहज दाद देत नाही.

घेंटच्या कॅथेड्रलमधल्या १४३२ सालच्या वेदीचित्राचीही अशीच गोष्ट. २०१२ पासूनच्या कामात व्हार्निश आणि नंतर चढवलेले रंग काढल्यावर व्हॅन आइक बंधूंनी त्यात रंगवलेल्या कोकराचा मूळ चेहरा उघडा पडला.

अजिंठ्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी हे काम हाती घेतले. सरस पाण्यात विरघळतो, म्हणून ओले फडके चालत नाही. आधी कोपऱ्यातल्या इंचभर जागेवर द्रावक तपासायचे, मग कापसाच्या बोळ्याने थर हलका करायचा. लेणी क्र. ९ आणि १० मध्ये काळसर थराखालची, अजिंठ्यातली सर्वांत जुनी चित्रे अशीच पुन्हा दिसू लागली. चपडा जिथे रंगाच्या आत मुरला आहे, तिथे हात आवरावा लागतो. त्याला पूर्ण काढायचे म्हटले तर चित्रही त्याच बोळ्यावर येईल.